वजाचं अधिक का होतं

साहेबांनी फळ्यावरचं उत्तर हाताच्या पंजानं पुसलं. माझं उत्तर. बरोबर आलेलं.

चाकणच्या कंपनीतली ट्रेनिंग रूम. आम्ही सोळा बायका, सगळ्या कंत्राटी. तपासणी विभागात कायम जागा निघाली होती. त्या परीक्षेची तयारी करून घ्यायला हे साहेब यायचे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील.

गणित होतं, सात एक्स वजा पंधरा बरोबर चार एक्स अधिक अठरा. मला बघताक्षणी दिसलं. चार एक्स इकडं, पंधरा तिकडं. तीन एक्स बरोबर तेहेतीस. एक्स अकरा. लातूरकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गणितात पहिली यायचे. दहावी झाली, लग्न झालं, गणित तिथंच राहिलं.

"मधल्या पायऱ्या कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"तोंडीच केलं, सर."

"बरं. मग सांगा, वजा पंधरा पलीकडं गेल्यावर अधिक का झाले?"

"बाजू बदलली की चिन्ह बदलतं, सर."

"का बदलतं?"

मला सांगता येईना. का, हे कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

"आडनाव काय तुमचं?"

दाखल्यावरचं, माहेरचं सांगितलं.

"हां." मग वर्गाकडं वळून म्हणाले, "म्हणजे कोट्यातलं गणित. उत्तर असतं, डोकं नसतं."

वर्ग हसला.

मीही हसले.

हे सांगायला आजही जीभ जड होते. बोलले ते साहेब. पण ते हसू माझं होतं. साहेब नाराज होऊ नयेत, जागा जाऊ नये, म्हणून हसले. बाकावर येऊन बसेपर्यंत हसत होते. आडनाव माझ्या बापाचं. त्याच्यावर मी दात काढले.

कंपनीच्या बसमध्ये वर्गातलीच छाया शेजारी बसली. बीडची, लाइनवर नवीन. म्हणाली, "ताई, मनावर नका घेऊ." मला तिच्याकडं बघवेना.

रविवारी मुलीचं आठवीचं पुस्तक उघडलं. ती म्हणाली, "आई, तुला येतं की हे."

"उत्तर येतं. का, ते येत नाही."

दोघी फरशीवर बसलो. पुस्तकात सरळ लिहिलं होतं. पंधरा कुठं जात नाहीत, येत नाहीत. दोन्ही बाजूंत पंधरा मिळवायचे. इकडचे वजा पंधरा मिटतात, तिकडं अठराचे तेहेतीस होतात. तसेच दोन्हीकडून चार एक्स वजा करायचे. ती पायरी आपण लिहीत नाही, म्हणून चिन्ह बदलल्यासारखं दिसतं. बास. एवढंच.

साहेबांना हे माहीत होतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट त्यांनी माझं आडनाव विचारण्यात घालवलं.

पुढच्या तासाला छायाला उभं केलं. नऊ एक्स वजा वीस बरोबर चार एक्स अधिक पंधरा. ती अडकली. साहेब म्हणाले, "आडनाव काय?"

मी उठले.

"सर, गणिताला आडनाव लागत नाही."

"तुम्हाला विचारलं का मी?"

"नाही विचारलं. तरी सांगते."

फळ्याजवळ गेले. दोन्ही बाजूंत वीस मिळवले. दोन्हीकडून चार एक्स वजा केले. एकही पायरी गाळली नाही. पाच एक्स बरोबर पस्तीस. एक्स सात. चिन्ह का बदलल्यासारखं दिसतं, तेही छायाला सांगितलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेब म्हणाले, "बसा." छायाचं वहीत उतरवून होईपर्यंत मी बसले नाही.

परीक्षा झाली. एकही गणित सोडलं नव्हतं. यादीत माझं नाव नव्हतं. मी लेखी अर्ज दिला, माझी उत्तरपत्रिका दाखवा. सुपरवायझर म्हणाला, "ताई, कशाला वाकड्यात शिरता? पुढचं कंत्राट मिळायचं नाही."

नको मिळू दे. दुसरी कंपनी बघेन, पुन्हा नट आवळेन. पण उत्तरपत्रिका हातात घेऊन बघितल्याशिवाय तो अर्ज मी मागं घेणार नाही.