हूर म्हणजे कोण?

परवा मोमिनपुऱ्यात काचेच्या सुरमादाण्या दिसल्या आणि जुबेदाआपा आठवल्या.

उमरेडचं स्थळ मी नाकारलं, तेव्हाची गोष्ट. मला शिकायचं होतं. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "रंग पाह्य आपला! अन् नाही म्हणून राहिली. मोठी हूर की परी लागून गेली का वं तू?"

मी रडतच शेजारी गेले. जुबेदाआपा कॉलेजात अरबी शिकवायच्या. डोळ्यांत सुरमा घालत होत्या.

"आपा, हूर म्हणजे गोरीपान बाई ना?"

सुरम्याची थंडगार सळई माझ्या पापणीला लावत त्या म्हणाल्या, "गोरी म्हणणारेही आहेत, बेटा. पण मुळात शब्द डोळ्यांचा. पांढरं अगदी पांढरं, काळं अगदी काळं, असे डोळे. त्यावरून जन्नतमधल्या त्या बायकांले हूर म्हणतात."

तेव्हा माझे काळेभोर डोळे आठवून मी सुखावले होते. आज वाटतं, खरा आनंद शब्द उलगडल्याचा होता.

डोळे पुसून मी घरी गेले. "आत्या, लग्न आत्ता नाही. मी अरबी शिकणार."

आत्या कपाळाला हात लावून बसली. सकाळी बाबांनी स्कूटर बाहेर काढली.

"चाल वं, कुठं आहे तुझं कॉलेज?"