मामांनी रिंगबाहेर काढलेला बाजी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात आमच्या कुत्र्याची, बाजीची नखं कापत होतो. मामेबहीण सुनीता म्हणाली, "आबा गेले रे. सकाळी चहा घेतला, शेजाऱ्याच्या कुत्र्याला लठ्ठ झालाईस म्हणून दम दिला आणि खुर्चीतच…" हसावं की रडावं कळेना. त्याला आता पाच आठवडे झाले.

दिनकरमामा शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, बनवायचे. केसभर चढउतार त्यांच्या बोटांना कळायचा, आणि संध्याकाळी तीच बोटं कुत्र्यांच्या पाठीवरून फिरायची. शिवाजी पेठेतल्या घरामागं त्यांनी वीसेक वर्षं कारवानी कुत्री जोपासली. लांब तोंडाची, सडपातळ, शिकारीची जात. आसपासच्या श्वान प्रदर्शनांत कारवानीचे जज्ज म्हणून मामांनाच बोलावणं असे. माझं नवीन लग्न झालं तेव्हा बायकोला अंगणातून येताना बघून ते म्हणाले, "चाल चांगली हाय पोरीची." ती महिनाभर खूश होती. मग तेच वाक्य त्यांनी एका कुत्रीला उद्देशून म्हटलेलं तिनं ऐकलं. अजून ती हा किस्सा स्वतःच सांगत फिरते.

बाजी हे मामांच्याच घरचं पिल्लू, पंचेचाळीस दिवसांचं असताना मला दिलेलं. रिंगमध्ये चारी पाय रोवून, मान वर करून कसं उभं राहायचं हे त्याला मामांनीच शिकवलं. दोन वर्षांचा झाल्यावर मी त्याला प्रदर्शनात उतरवलं. जज्ज मामा, कुत्रं मामांच्या घरचं. मी टीव्हीशेजारची जागा चषकासाठी आधीच मोकळी करून ठेवली होती. शिवाय सासरची मंडळी बघायला बोलावलेली. रिंगमध्ये मामांनी ओळखच दाखवली नाही. "पावणं, पळवा कुत्रं," म्हणाले. बाजी झकास पळाला. मामांनी दात बघितले, छाती बघितली, पाठीवरून हात नेला आणि तो हात मागच्या पायांमध्ये गेल्यावर थांबला. पुन्हा चाचपलं. मग त्यांनी निवेदकाच्या हातातला माईक घेतला.

"हे कुत्रं बाद. दोनातली एकच गोळी खाली उतरलीया."

मैदानात जो हशा पिकला, त्यात सासऱ्यांचा आवाज मला वेगळा ओळखू आला. मी बाजीला ओढत बाहेर काढलं आणि मामांचं पुढचं बोलणं ऐकायला थांबलोच नाही. घरी बायको म्हणाली, "दोन वर्षं आंघोळ घालताय, तुमास्नी दिसलं न्हाय व्हय?" सहा महिने मी मामांच्या दारात पाऊल ठेवलं नाही.

पुढचं बोलणं मला सुनीतानं सांगितलं. माईकवरच मामा म्हणाले होते, "हे पिल्लू माझ्या घरचं हाय. खोट माझ्या लाईनीत हाय. माझ्याकडनं पिल्लं नेल्यात त्यांनी पैदास करू नका." नंतर स्कूटरवरून ते एकेका घरी जाऊन तेच सांगून आले. स्वतःच्या कुत्र्यांचीही ऑपरेशनं करून घेतली. वीस वर्षांचं काम त्यांनी आपल्या हातानं बंद केलं होतं आणि मी चषकासाठी रुसून बसलो होतो. मला स्वतःची फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी गेलो.

"मामा, मला बाजूला घिऊन कानात सांगायचं की," मी म्हणालो.

"कानात सांगितलं असतं तर तुझी अब्रू वाचली असती, आन माझी बी," मामा म्हणाले. "पर ती खोट धा घरांत गेली असती. बस, जेवून जा."

गेल्या आठवड्यात इचलकरंजीचे एक गृहस्थ त्यांची कारवानी कुत्री घेऊन दारात आले. त्यांना बाजीची पिल्लं हवी होती. मी दोष सांगितला. "एक असली तरी पिल्लं हुत्यात की," ते म्हणाले. खरं होतं. बाजी आता नऊ वर्षांचा आहे आणि मामांच्या घरची बाकीची सगळी कुत्री गेली. हा एकच उरलाय. एखाद्या पिल्लात मामांचं काहीतरी राहील या विचारानं माझा जीव घुटमळला, खोटं कशाला सांगू.

"नको," मी म्हणालो. "मामांनी बाद केलाय त्याला."

"पर मामा तर गेलं म्हणं."

"मामा गेलं. निकाल हाय की अजून."

एवढं बोललो आणि चार आठवडे न आलेलं रडू त्या परक्या माणसासमोर आलं. ते बिचारे बावरले, कुत्रीला घेऊन निघून गेले. बाजी मात्र पाहुणीला बघून चारी पाय रोवून, मान वर करून तसाच ऐटीत उभा होता. आपण बाद झालोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.