राहिलेली पट्टी

तन्वी, माझी नात, आता कॉलेजला जाते. त्या दिवशी ती ओट्यावर आली आणि मोबाइल माझ्या हातात दिला. "आजोबा, तुम्हीच वाचा." चष्मा लावला, बोट खाली धरलं आणि वाचलं... तिच्या शाळेतल्या नयनाबाई गेल्या. या वयात बरीच माणसं गेलेली बघितली. दर वेळी बातमी कुणीतरी तोंडानं सांगितली. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेली ही पहिलीच. आणि निघाली ती बाईंचीच.

त्याला महिना होऊन गेला. तन्वी म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते, पेपरच्या पुरवणीला पाठवू. मी म्हटलं, मीच लिहिणार, वेळ लागला तर लागू दे. शुद्धलेखन तिनं तपासलंय. शब्दाला हात लावायचा नाही असं बजावून ठेवलंय.

चांदीपच्या बाजूला आमचं गाव. शहरातल्या फुलपाड्याहून बाई स्कूटर घेऊन आमच्या शाळेत यायच्या, पहिली-दुसरीला शिकवायच्या. पुस्तक त्यांच्याकडं सगळ्यात शेवटी निघायचं. आधी पोरांनी घरून साबणाचे, बिस्किटाचे कागद आणायचे, त्यावरचं वाचायचं. एसटी आली की वर्ग रस्त्याला, पाटी वाचायला. बायका हसायच्या, बाईंची शाळा आहे का बाजार. मग त्यांनी गावभर चिठ्ठ्या लावायला पोरं सोडली. आंब्यावर 'आंबा', बोअरिंगवर 'पाणी'. माझ्या दारावर 'दार' लावलं, ते मी फाडून टाकलं. बाई आल्या तेव्हा म्हटलं, "हे दार आहे, ते मला कागदानं सांगायचं काय?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला कशाला? दारावरून जाणाऱ्या पोरांना." मला काही ते पटलं नाही.

तन्वी तेव्हा दुसरीत. पुस्तक हातात धरून धडा घडाघडा म्हणायची, घरात सगळे खूश. बाईंनी एक दिवस पान उलटलं, तर ही मागच्याच पानाचा धडा म्हणते आहे. सगळं पाठ, वाचता एक अक्षर येत नाही. बाई म्हणाल्या, पुढं तिसरीला सगळंच वाचून करायचं, म्हणजे पोरगी तिथंच अडकणार आणि अडकलेली पोरगी शाळेत टिकत नाही. सुनेनं जेवण टाकलं. बाईंनी तन्वीला विचारलं, बाळा, वाचायचं का नाही? ती म्हणाली, "आजोबा पन वाचत नाय. त्यांचं कुठं अडतं?" बाईंनी ते मला जसंच्या तसं येऊन सांगितलं, वर एक शब्द लावला नाही. आता, पोरगी खोटं बोलली नव्हती. माझं कधी अडलं नाही. सही येते, अक्षरं ओळखतो, शेती कुणाला विचारून केली नाही. पण त्या रात्री जेवण गेलं नाही, एवढं खरं.

"शनिवारी शाळेत या, भातशेतीचं सांगा पोरांना," बाई म्हणाल्या.

"दुसरीत शाळा सुटली माझी. आता परत कशाला बसवता?"

"सुटली, का तुम्ही पळालात?"

"गुरं होती घरी."

"आता गुरं नाहीत ना? मग सकाळी या."

गेलो. मी सांगत होतो आणि बाई मोठ्या कागदावर लिहीत होत्या, माझ्याच बोलीत, एक शब्द न बदलता. राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा टाकून रोपाची जागा जाळून घ्यायची. मग पेरायचं. "पेरल्यावर काय करायचं?" बाईंनी विचारलं. म्हटलं, "काय करायचं, वाट बघायची." त्यांनी तेही लिहिलं. मग रोप काढायचं, चिखल करायचा, लावणी करायची.

पुढच्या शनिवारी तन्वीचा डबा द्यायला गेलो. तो कागद कापून बाईंनी पट्ट्या केल्या होत्या, पोरं चटईवर त्या ओळीनं लावत होती. लावणीची पट्टी पहिली, राबाची शेवटी. लावणी मला लांबूनही ओळखता आली. माझं डोकं फिरलं.

"अरे, लावनी करून राब भाजता? उभं भात जालता काय?"

"मला काय कळतंय आजोबा, मी बिल्डिंगमधली," बाई म्हणाल्या. "तुम्हीच लावून द्या."

गुडघे दुखतात, तरी खाली बसलो. एक पट्टी उचलली. रा... राब. पुढचं आपोआप आलं, कारण ते माझ्याच तोंडचं होतं. राब भाजायचा. दुसरी. पेरायचं. एकेका अक्षराला वेळ लागत होता, पण चुकीची लावणी तशी सोडून उठणं मला जमलं नसतं. तन्वी माझ्या तोंडाकडं बघत होती.

सगळं लावलं आणि ती म्हणाली, "आजोबा, ही राहिली." तिच्या गुडघ्याखाली एक पट्टी होती. मी म्हटलं, "माझं झालं. ती तू वाच."

तिनं पट्टी उचलली. बराच वेळ गेला... एक पोरगा सांगायला लागला, बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याही जिभेवर शब्द आला होता. बाई तन्वीकडं बघतसुद्धा नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या, जसा काही सगळा दिवस मोकळा आहे.

"वा... ट. वाट. ब... घा... वाट बघायची." मग मला विचारलं, "कुठं ठेवू?"

"पेरल्यानंतर," मी म्हटलं.

नंतर बाईंना गाठलं. "लावणी मुद्दाम आधी ठेवली होती ना?"

"पोरांनी ठेवली."

"आणि तुम्ही ठेवू दिली."

त्या हसल्या आणि स्कूटर चालू केली.

बाईंची बदली झाली तेव्हा तन्वीनं वाचलेली ती पट्टी त्यांनी मला आणून दिली. तुमचेच शब्द, तुमच्याकडं राहू देत, म्हणाल्या. मी भाताच्या शितांनी ती दारावर चिकटवली, पूर्वी चिठ्ठी फाडली होती त्याच जागी. शाई आता विटकरी झाली आहे. शेजाऱ्यांची पहिलीतली पोर शाळेतून येताना तिथं थांबते. 'वाट' येतं तिला. 'बघायची'ला अडते, मान वर करून माझ्याकडं बघते.

मी ओट्यावर बसलेलो असतो. सांगत नाही. समोर रस्त्याकडं बघत बसतो.