पंपघराच्या दारावरचं गाव

सौदीतल्या हाइलजवळच्या त्या गव्हाच्या गावाचा इतिहास जगात एकाच माणसाला ठाऊक होता, आणि तो माणूस रत्नागिरीचा होता. आम्ही सगळे त्यांना पंपवाले चाचा म्हणायचो. मी नाशिकचा, पंपांच्या कंपनीतला इंजिनियर. महिन्यातून एकदा विहिरींवर चक्कर मारायचो. एक मशीद, दोन दुकानं आणि धान्याची कोठारं एवढंच ते गाव, पण चाचा ते दाखवायला तीन तास घ्यायचे. "इथं पहिला ट्रॅक्टर रुतला बघा भाऊ," असं म्हणून ते रिकाम्या वाळूसमोर थांबायचे, आणि आपल्यालाही गंभीर चेहऱ्याने थांबावं लागायचं.

मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या चाचांनी हा सगळा इतिहास पंपघराच्या दारावर, आतल्या बाजूने, ऑइलपेंटने लिहून ठेवला होता. विहिरी, निकाह, बाळंतपणं, पाण्याची पातळी आणि मध्येच 'आज कालवण खारट'. गावात मराठी वाचणारा दुसरा कोणी नाही, तरी दारावर सगळ्यांचा विश्वास. एकदा दोन भाऊ कोणाची विहीर आधीची यावरून हातघाईवर आले. चाचांनी चष्मा पुसला, दारावर बोट फिरवलं आणि निकाल दिला, "थोरल्याची. धाकट्याच्या लग्नाचं मटण शिजत होतं तेव्हा तिला पाणी लागलं. खलास!" दोघे मुकाट्याने चहा प्यायले. मी मागून डोकावलो. पुढे लिहिलं होतं, 'मटण माझ्यापर्यंत पोचलं नाही.'

इकाम्याची, म्हणजे तिथं राहण्याच्या परवान्याची, शेवटची मुदत संपत आली तसा चाचांना एकच घोर लागला, आपल्यामागे हे वाचणार कोण? शेवटी त्यांनी थेट कफीललाच, म्हणजे त्यांना कामावर आणणाऱ्या सत्तरीतल्या शेतमालकालाच, मुळाक्षरं शिकवायला घेतली. रोज असरच्या नमाजानंतर दोघे दारापुढे बसायचे. म्हातारा प्रत्येक अक्षर अरबीसारखं उजवीकडून सुरू करायचा आणि चाचा कपाळाला हात लावायचे. "सातवीचे मास्तर असते तर छडी मारली असती याला," असं ते मला मराठीत सांगायचे, कफीलकडे बघून हसत हसत.

परवा गेलो तर चाचा कायमचे रत्नागिरीला गेले होते. कफीलने हाताला धरून मला दारापाशी नेलं आणि शेवटची ओळ वाचायला लावली. 'आज निघालो. पाणी आणखी दोन हात खाली. कफील ग पर्यंत आला.' मी तोडक्यामोडक्या अरबीत त्याला अर्थ सांगितला. म्हातारा हळूच खाली बसला, वाळूत बोटाने उजवीकडून एक ग काढला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "यल्ला, चला, पुढचं अक्षर?"