देव टप्प्याटप्प्याने वर आले

आमची धाकटी मुलगी पाठीवर सिलिंडर बांधून समुद्रात खोल उतरते. परदेशी समुद्रात सर्वांत खोल बुडीचा स्त्रियांमधील विक्रम करण्यासाठी ती उतरणार होती, त्या दिवशी सकाळी पंचवटीतल्या आमच्या घरी माझ्या पत्नीने देव पाण्यात ठेवले. संकट टळेपर्यंत त्यांना बाहेर काढायचे नाही, ही आमच्याकडची रीत. तांब्याच्या खोल घंगाळात गणपती, अन्नपूर्णा आणि रांगता बाळकृष्ण बुडाले. मी आचमन करून संकल्प सोडू लागलो. विक्रमाची सिद्धी आणि कन्येचे क्षेम, असे दोन्ही उच्चारणार, तोच पत्नीने हात धरला.

"अहो, दोन मागू नका. पोर सुखरूप वर येऊ दे, एवढंच म्हणा."

मी पहिला भाग गाळला.

जावई नावेवर होते. तासाभराने त्यांचा फोन आला. खोलवर मुलीचे हात थरथरू लागले, म्हणून विक्रमाची खूण थोडी खाली असतानाच ती मागे फिरली होती. तिने पाटीवर लिहिलेला तसा निरोप, कमी खोलीवर तिला भेटलेल्या मदतनीस पाणबुड्याने वर आणला होता.

"निघाली ना वर? मग काढते देव," म्हणत पत्नीने घंगाळात हात घातला.

"आई, थांबा!" जावई फोनवरूनच म्हणाले. "अजून आठ तास आहेत. उतरायला पंधरा मिनिटं, पण वर यायचं ते थांबत थांबत. घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात."

तिने हात मागे घेतला. "मग देवांनाही एकदम नको."

जावयांकडून पुढच्या टप्प्याचा निरोप आला, की ती एक वाटी पाणी उपसून तुळशीला घाली. असा विधी कोणत्याही ग्रंथात नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

"ग्रंथ तुमचे, घंगाळ माझं."

दुपारी तिचा डोळा लागला, तेव्हा वाटी माझ्या हाती आली. मी एक थेंबही अधिक उपसला नाही.

आधी गणपतीचा मुकुट दिसला, मग अन्नपूर्णेची पळी. दिवेलागणीला बाळकृष्णाची पाठ उघडी पडली आणि थोड्याच वेळात मुलीचा आवाज कानी आला.

"बाबा, थोडक्यात हुकला हो! संकल्प नीट सोडला होतात ना?"

या वयात खोटे बोलणे जमेना. "विक्रमाचा शब्द गाळला होता," मी म्हणालो.

नावेवर हशा पिकला. "मग पुढच्या वर्षी दोन्ही म्हणा!"

"आधी गरम काहीतरी खा म्हणावं तिला," बाळकृष्णाला टिपत पत्नी म्हणाली. देव सिंहासनावर बसवून तिने घंगाळ कोरडे केले. आणि माळ्यावर न टाकता, हाताशी येईल असे खालच्या फळीवर ठेवले.