एका पंपाची हवा

घरातल्या माशांच्या तीन टाक्यांना मिळून मी एकच हवेचा पंप लावला. नळीला फाटे काढले, प्रत्येक फाट्याला छोटीशी तोटी बसवली. पाहुणे येणार म्हणून हॉलमधल्या टाकीची तोटी पूर्ण उघडली. बुडबुडे काय सुंदर उसळले! आतल्या खोलीतल्या टाकीचे बुडबुडे थांबलेत, हे लक्षातच आलं नाही. तिथला गोल्डफिश सारखा वर येऊन तोंड उघडायचा. भूक लागली असेल म्हणून दोन दिवस मी त्याला चिमूटभर जास्तच खायला घातलं.

"बाबा, तो खायला नाही, श्वास घ्यायला वर येतोय," लेक म्हणाली.

हवा काय, वाट सोपी असेल तिकडे जाते. तोट्या मात्र माझ्या हातात होत्या.

माझे वडील, अण्णा, त्याच आतल्या खोलीत असतात. दिवसातून तीन-चारदा हॉलच्या दारापर्यंत येतात आणि नुसते उभे राहतात. मी मोबाईलमधून मान वर न करता विचारतो, "चहा हवाय का, अण्णा?"

"दे अर्धा कप," ते म्हणतात. निमूटपणे पितात आणि आत जातात.

केवढा चहा पाजलाय मी त्यांना!