कासवाची चोच आणि माझी जाऊ

जुन्नरच्या आमच्या घरात कासव आणलं धाकट्या दिराने. परदेशी जातीचं, कागदपत्रांसकट, थेट पुण्याहून. पण ते झालं त्याच्या बायकोचं, आणि हे मला पहिल्या दिवसापासून खुपलं.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर कासवाची नखं झिजत नाहीत, वाढून वाकडी होतात. जावेचं माहेर पिंपरी पेंढारचं. लहानपणापासून तिने शेळ्यांची वाढलेली खुरं कापलेली. त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांनी एकदाच दाखवलं आणि तिला जमलं. महिन्यातून एकदा सकाळी ओट्यावर उन्हात बसायची, कासवाला पालथ्या डब्यावर ठेवायची, म्हणजे पाय अधांतरी. नखातली रक्ताची शीर उजेडात बघून टोक तेवढं उडवायची. मग बारीक कानशीने चोच घासायची. माझी चाहूल लागली की कवचात तोंड खुपसणारं ते येडं तिच्या अंगठ्याखाली मान लांब करून पडायचं. शेजारणी बघायला यायच्या. सासूबाई त्यांना कौतुकाने सांगायच्या, हिचा हात हलका. सात माणसांच्या भाकऱ्या मी थापायचे, त्या बघायला कधी कुणी आलं नाही.

जळत होते मी, सरळ सांगते.

जाऊ दुपारी शिवणाच्या क्लासला जायची. तेवढ्या वेळात मी कासवाला फितवायला सुरुवात केली. तिने शेतावरून आणलेलं राठ गवत मी शेजारच्या शेळीला टाकायचे आणि त्याला केळं, पिकली पपई, दुधात भिजवलेली चपाती भरवायचे. पंधरा दिवसांत ते माझ्या पावलांमागे फिरू लागलं. काय सांगू, किती बरं वाटलं.

पण मऊ खाऊन चोच झिजेना, जावेची कानसही पुरी पडेना. महिना-दोन महिन्यांत ती पोपटासारखी वाकली, तोंड मिटेना. जावेने त्याला डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी विचारलं, याला लुसलुशीत कोण भरवतंय? घरी आल्यावर सासूबाईंनी तिलाच फैलावर घेतलं. नुसती नखं कापायची हौस, खायला काय घालते त्याचं भान नाही, म्हणाल्या. दीरही बोलला. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. मी आमटी वाढत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला कासव धरायला बोलावलं. मी हात लावताच त्याने मान बाहेर काढली आणि माझ्याकडे बघून केळ्यासाठी आ वासला. जावेने कानस क्षणभर तशीच धरून ठेवली.

"मला कालच उमगलं, ताई," ती म्हणाली. "पन तुमच्या हातचं लई आवडीनं खातंय ते."

एवढंच बोलून ती चोच घासू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी सगळे चहाला बसले तेव्हा मी सगळं कबूल केलं, जरा छाती ठोकूनच. वाटलं, आता बोलणी बसतील, पण निदान खरं सांगितलं म्हणून कुणी दोन शब्द बरे बोलेल.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावेच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "एवढं ऐकून घेतलं, पन थोरल्या जावेचं नाव न्हाई काढलं पोरीनं. मन लई मोठं हिचं."

दिराने मान डोलावली. मी कपबशा उचलून आत गेले. नळाखाली त्या विसळताना कळलं, त्या कासवापायी कधी जळले नव्हते एवढी आता जळतेय.